चित्रपटाभ्यासाचे घर कोणते?

(नागपूर येथे प्राध्यापक, विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरात एक बैठक ठरलेली असते. आई-वडील, सुटीला आलेले मामा, शेजारचे एखादे निवृत्त प्राध्यापक आणि मध्यभागी गुणपत्रिका घेऊन बसलेले मूल. कल्पना करावी, की नागपुरातल्या धरमपेठेत किंवा महालात अशीच एक बैठक चालली आहे आणि मुलगी सांगते, “मला चित्रपटाचा अभ्यास करायचा आहे.” वडिलांना वाटते, हिला नटी व्हायचे आहे. आईला वाटते, दिग्दर्शन शिकायचे आहे. म्हणजे पुण्याला पाठवावे लागणार. मामा म्हणतात, हल्ली जाहिरातीच्या क्षेत्रात पैसा आहे. मुलगी म्हणते, यांपैकी काहीच नाही. कोणी इतिहासाचा अभ्यास करतो, कोणी संस्कृत नाटकाचा करतो, तसा चित्रपटाचा करायचा आहे. यावर घर गप्प होते. मग निवृत्त प्राध्यापक चष्मा काढून विचारतात, “पण पोरी, हा विषय कोणत्या विभागात येतो?”

प्रश्न साधा दिसतो, कारकुनी स्वरूपाचाही वाटतो. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या जीवनात याहून गंभीर प्रश्न थोडे असतील. कारण विभाग म्हणजे चार खोल्या, एक पाटी आणि एक शिपाई नव्हे. विभाग म्हणजे प्रश्न विचारण्याची एक सवय. एकच वस्तू निरनिराळ्या विभागांच्या टेबलावर ठेवली की तिच्याविषयी निरनिराळे प्रश्न विचारले जातात, आणि जे प्रश्न त्या विभागाच्या सवयीत नसतात ते विचारायचे राहूनच जातात.

नागपूरला या प्रश्नाचा एक जवळचा दाखला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या आणि २००५ सालापासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाने शंभर वर्षे पूर्ण केली आहेत. शहरात पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले ते १९५२ साली, हिस्लॉप महाविद्यालयात. रोलँड वूल्सले हे अमेरिकन प्राध्यापक तेव्हा तेथे शिकवत होते. पत्रकार जन्मावा लागतो, तो वर्गात घडत नाही, असे म्हणणारे त्या काळातही असणारच, आजही आहेत. तरी तो विषय रुजला आणि विद्यापीठात त्याला स्वतःचे घर मिळाले. चित्रपट मात्र नागपुरातच काय, देशातल्या बहुतेक विद्यापीठांत दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखा राहिला. कधी मराठीच्या अभ्यासक्रमात कादंबरीच्या शेपटाला माध्यमांतर म्हणून, कधी जनसंवादाच्या अभ्यासक्रमात नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्यामध्ये अंग चोरून बसलेला.

एकच चित्रपट, चार टेबले

उदाहरणादाखल ‘संत तुकाराम’ घेऊ. प्रभात कंपनीने १९३६ साली पडद्यावर आणलेला हा चित्रपट महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी पाहिला याला गणती नाही. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. लेखन शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे, काही पदे शांताराम आठवल्यांची.

हा चित्रपट मराठी विभागाच्या टेबलावर ठेवला तर पहिला प्रश्न येईल तो गाथेचा. चित्रपटातले कोणते अभंग तुकोबांचे आणि कोणते नंतरचे? हा प्रश्न रंजक आहे, कारण बीजापासून वृक्षापर्यंतचा विस्तार सांगणारे त्यातले अत्यंत लोकप्रिय पद आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेले आहे आणि भल्याभल्यांनी ते तुकोबांचेच मानले. भाषेच्या अभ्यासकाला एवढ्या एका पदावर प्रबंध लिहिता येईल. इतिहास विभागाला त्यात सतराव्या शतकाहून १९३६ सालच दिसेल, आणि ते योग्यच होईल. संगीताच्या जाणकाराला दिसेल ती भोळ्यांची दृष्टी : तुकोबांच्या तोंडी साधी, गळ्यातून सहज उमटणारी चाल आणि सालोमालोच्या तोंडी नाटकी, तानांनी सजवलेली गायकी. दांभिकता केवळ गाण्याच्या धाटणीतून दाखवण्याची ती किमया आहे. जनसंवादाचा अभ्यासक विचारील, संदेश कोणता, तो कोणापर्यंत पोचला आणि परिणाम काय झाला?

चारही प्रश्न मोलाचे आहेत. पण या चार टेबलांवरून फिरून आल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती म्हणजे खुद्द चित्रपट. विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांचा चेहरा कॅमेऱ्यासमोर असा निवांत कसा झाला? जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरीबाई शिकल्या-सवरलेल्या अभिनेत्री नव्हत्या. तरी त्यांची चाल, त्यांचा त्रागा, घरातला वावर पडद्यावर इतका खरा का वाटतो? वैकुंठाचे विमान येते तो प्रसंग आणि चुलीजवळचा प्रसंग एकाच चित्रपटात नांदतात आणि प्रेक्षकाला त्यात विसंगती भासत नाही, हे दृश्यांची लांबी, छायाप्रकाश, ध्वनी आणि जोडणी यांच्या कोणत्या हिशेबाने साधले? दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार आणि फत्तेलाल चित्रकार. या दोघांच्या हातांचे ठसे चित्रपटात कोठे कोठे दिसतात? या प्रश्नांची उत्तरे गाथेत नाहीत, कागदपत्रांत नाहीत, प्रेक्षकांच्या पाहणीतही नाहीत. ती चित्रपटात आहेत, आणि तो चौकटी-चौकटीने पाहण्याचे शिक्षण घेतलेल्या डोळ्यालाच ती सापडतात. या चित्रपटावर गांभीर्याने लिहिणाऱ्यांत गीता कपूर यांचे नाव अग्रभागी येते. त्या कलासमीक्षक, म्हणजे चित्रे पाहण्यात मुरलेल्या, आणि त्यांचे लेखन इंग्रजीत आहे. यातच पुष्कळ काही आले.

फाळके कोणत्या शाखेचे?

ज्यांनी हा उद्योग या देशात उभा केला त्यांना तरी कोणत्या विभागात बसवता येते? दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. त्यानंतर त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या छापखान्याशी संबंधित शिळाछपाईचे काम केले, रंगीत छपाई समजून घेण्यासाठी १९०९ साली जर्मनी गाठली. जादूचे प्रयोग केले ते निराळेच. ख्रिस्तचरित्रावरचा एक चित्रपट पाहून त्यांच्या मनात आले, की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत? मग १९१२ साली ते लंडनला गेले. परत आल्यावर घरच्यांचा आणि मित्रांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी पहिले काय चित्रित केले असेल, तर वाटाण्याच्या रोपाची वाढ. दिवसादिवसाने घेतलेली चित्रे, आणि पडद्यावर काही क्षणांत बीजातून वेल वर येते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या माणसाकडे कोणत्या शाखेचे प्रमाणपत्र आहे असे विचारले तर रसायन, चित्रकला, मुद्रण, पुरातत्त्व, यंत्रविद्या, पुराणे आणि हातचलाखी असे सात दाखले समोर ठेवावे लागतील. आणि फाळके केवळ कारागीर नव्हते. १९१७-१८ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. त्याच सुमारास, १९१६ साली, अमेरिकेत हार्वर्डमधील मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी चित्रपटावर एक छोटे पुस्तक लिहिले, आणि चित्रपट-सिद्धांताच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. हार्वर्डचा ग्रंथ जगभरच्या अभ्यासक्रमांत आला. ‘नवयुग’मधले फाळक्यांचे लेख किती मराठी विद्यार्थ्यांनी वर्गात वाचले, हा प्रश्न विचारणाऱ्यालाच संकोच वाटावा.

विभाग नसल्याची खरी किंमत काय, तेही फाळक्यांच्याच चित्रपटांवरून कळते. मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून अधिक चित्रपट झाले. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी मिळतात, आणि ती १९१३ची की १९१७ साली पुन्हा तयार केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘कालिया मर्दन’ (१९१९) बऱ्याच अंशी हाती लागला. त्यात बाळकृष्ण झालेली फाळक्यांची कन्या मंदाकिनी आजही पाहता येते. हे श्रेय राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे आणि त्यासाठी गावोगाव हिंडलेल्या पी. के. नायर यांचे. हा संग्रह १९६४ साली पुण्यात स्थापन झाला, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ५१ वर्षांनी. तोवर कित्येक रिळे जळाली, सडली, आणि कित्येकांतली चांदी काढून घेण्यासाठी ती विकली गेली. हस्तलिखित सापडले की ते कोणाकडे द्यायचे हे खेड्यातल्या शिक्षकालाही ठाऊक असते. रिळांचा डबा सापडला तर तो कोणाकडे द्यायचा, हे अनेक सुशिक्षितांनाही सांगता येत नाही.

इतरांनी काय केले?

जगात या बाबतीत एकमत कधीच नव्हते. मॉस्कोने १९१९ सालीच चित्रपटाची स्वतंत्र शाळा काढली, पण ती चित्रपट करणाऱ्यांसाठी. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९२९ साली हा विषय घेतला. शेजारी हॉलिवूड असल्यावर ते ओघानेच आले. पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ एकत्र बसले. लंडनमध्ये १९६० साली विषयाला जागा मिळाली ती स्लेड या कलाशाळेत, आणि तेथे शिकवायला आले दिग्दर्शक थोरोल्ड डिकिन्सन. कोणी कलेच्या घरात, कोणी साहित्याच्या, कोणी मानसशास्त्राच्या. ज्या घरात जो गेला त्याला त्या घराचे वळण लागले.

आपल्याकडे फाटे फुटले ते वेगळ्याच कारणाने. एस. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ साली आपला अहवाल दिला आणि चित्रपटाच्या शिक्षणासाठी संस्था हवी असे सुचवले. १९६० साली पुण्यात, प्रभातच्याच आवारात, ती संस्था सुरू झाली. पण ती माहिती व प्रसारण मंत्रालयाखाली. शिक्षण खात्याचा आणि विद्यापीठांचा तिच्याशी संबंध आला नाही. करणारे तिकडे शिकले. अभ्यासणाऱ्यांची सोय कोठेच झाली नाही. त्यातही सतीश बहादूर यांच्यासारखा शिक्षक आग्र्याहून, महाविद्यालयीन अध्यापनातून आणि फिल्म सोसायटीच्या चळवळीतून, तेथे आला आणि त्याने चित्रपट ‘वाचायला’ शिकवले. संस्था आणि संग्रहालय यांनी मिळून चालवलेल्या रसग्रहणाच्या उन्हाळी वर्गांतून डॉक्टर, बँकेतले अधिकारी, शाळाशिक्षिका असे अनेक जण तयार झाले. सुटीतले काही आठवडे जे साधतात ते विद्यापीठाच्या दोन वर्षांत का साधू नये, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

तो विचारला कोलकात्याने. जादवपूर विद्यापीठात १९९३ साली चित्रपटाभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २००१ साली कला आणि सौंदर्यशास्त्राचे केंद्र उभारले आणि चित्रपटाला नाट्य व दृश्यकला यांच्या पंगतीत बसवले. नागपूरपासून दोन तासांच्या आत असलेल्या वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठाने चित्रपट आणि रंगभूमी यांची सांगड घालून ‘प्रदर्शनकारी कला’ या नावाखाली विभाग काढला. हिंदीने हे केले. मराठीत हा विषय दीर्घकाळ सांभाळला तो इसाक मुजावर, बापू वाटवे यांच्यासारख्या लेखकांनी, १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी आणि त्यामागे आयुष्य वेचणाऱ्या सुधीर नांदगावकरांनी. अरुण खोपकरांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक मराठीत लिहिले गेले आणि राष्ट्रीय पुरस्काराला पात्र ठरले, तेही विद्यापीठाच्या बाहेरच.

तक्रार सर्वांची, अभ्यास कोणाचा?

चित्रपट समाजमन घडवतो किंवा बिघडवतो, हे वाक्य गेली कित्येक दशके व्यासपीठांवरून ऐकू येते. ते म्हणणाऱ्यांत सर्व विचारांचे लोक आहेत, आणि राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्यांनी ते इतरांपेक्षा थोडे अधिकच म्हटले आहे. पण ज्या गोष्टीला इतके सामर्थ्य आहे असे आपण मानतो, तिच्या अभ्यासासाठी आपण एक खोली तरी मागितली काय? आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तो चित्रपट पाहिलेला असतो, हा प्रश्न अवघड जागेचे दुखणे आहे. न पाहता केलेली स्तुती आणि न पाहता केलेला निषेध या दोहोंची अभ्यासाच्या दृष्टीने किंमत एकच.

नागपूरकरांना हे दूरचे वाटू नये. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला. चित्रपटगृहांतून लोक डोळे पुसत बाहेर पडले, कोठे घोषणा झाल्या. १७ मार्च रोजी याच शहरात दंगल उसळली, आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेतील निवेदनात या चित्रपटाचा आणि त्याने जागवलेल्या भावनांचा उल्लेख आला. मग दोन्ही बाजूंनी ठाम मते मांडली गेली. एका बाजूला सगळे चित्रपटामुळे घडले असे वाटत होते, दुसऱ्या बाजूला चित्रपटाचा काडीचाही संबंध नाही असे. दोन्ही विधानांना पुरावा लागतो. कादंबरीतले काय घेतले, काय गाळले, शेवटचे प्रसंग किती लांबवले, ध्वनी कसा वापरला, प्रेक्षक कोण होते, १९५२ साली भालजी पेंढारकरांनी ‘छत्रपती शिवाजी’ केला तेव्हाचा प्रेक्षक आणि आजचा प्रेक्षक यांत फरक काय? हे शांतपणे तपासून सांगणारा, दोन्ही बाजूंना ऐकावा लागेल असा अभ्यासक शहरात असता तर वाद मिटला असता असे नाही. पण वाहिन्यांवर बोलायला निदान एक तरी माहितगार माणूस मिळाला असता.

अशा विभागांत एकाच विचाराची माणसे बसतात, ही तक्रारही नेहमी ऐकू येते. तीत तथ्य असेल तेथे असेल. पण खुर्ची रिकामी ठेवणाऱ्याने ती कोणी भरली यावर कुरकुर करण्यात फारसा अर्थ नाही. जादवपूरमध्ये १९९३पासून माणसे वाचत, पाहत, लिहीत बसली आहेत. त्यांच्याशी मतभेद असलेल्यांनी तितकीच वर्षे, तितकेच चित्रपट पाहून लिहिले तर खरा वाद सुरू होईल.

आता मूळ प्रश्नाकडे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने विद्याशाखांची संख्या चारवर आणली : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चित्रपटाचा या चौघांशीही संबंध आहे. भिंग आणि रसायन विज्ञानाकडे, गल्ला वाणिज्याकडे, गोष्ट मानवविज्ञानाकडे. तरी त्याची जागा चौथ्या शाखेत आहे, हे मान्य व्हायला हरकत नसावी. अडचण पुढे येते. त्या शाखेत गेल्यावर विषय जनसंवादाच्या अभ्यासमंडळाखाली ठेवण्याचा मोह होईल. ते सोयीचे आहे, खर्चही वाचतो. तेच टाळले पाहिजे. जनसंवादाचा विद्यार्थी आजच्या बातमीकडे पाहायला शिकतो, आणि ते त्याचे कामच आहे. चित्रपटाच्या विद्यार्थ्याला शंभर वर्षांपूर्वीच्या चौकटीपुढे तासभर बसावे लागते. या दोन सवयी एका वेळापत्रकात नांदत नाहीत. नांदल्याच तर तासभर बसणारी सवय आधी मोडते. म्हणून अभ्यासमंडळ स्वतंत्र हवे, विभाग लहान असला तरी चालेल. शिकवायला मराठी, इतिहास, संगीत, समाजशास्त्र येथून माणसे यावीत, पण घरमालक चित्रपटच असावा.

नागपूरने हे का करावे, याची कारणे नागपुरातच आहेत. पुण्याची किंवा मुंबईची नक्कल येथे करायची नाही. चित्रपटाच्या धंद्यात देशाचे जे वितरणाचे टापू पडले, त्यांतल्या एकाचे नाव ‘सी. पी. बेरार’. १९५० साली त्या प्रांताचे मध्य प्रदेश झाले, १९५६ साली विदर्भ त्यातून निघाला, १९६० साली महाराष्ट्र झाला. नकाशावरून नाव पुसले गेले तरी चित्रपटाच्या व्यापारात ते दशकानुदशके चालत राहिले. या मध्य भागातल्या वितरक-प्रदर्शकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, हिचे मुख्यालय भुसावळला. रिळांच्या पेट्या रेल्वेने फिरत त्या काळात जंक्शनचे गाव मोक्याचे ठरले असणार. राजकीय भूगोल बदलला आणि चित्रपटाचा भूगोल तसाच राहिला, याचा अभ्यास कोलकात्यात बसून कोण करणार? तो इतिहास वितरकांच्या हिशेबवह्यांत आहे, आणि त्या वह्या रद्दीत जायला वेळ लागत नाही.

जवळच रामटेकला १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. भरतमुनींनी नाट्याला पाचवा वेद म्हटले, आणि ज्ञान, शिल्प, विद्या, कला यांतले असे काही नाही जे नाट्यात येत नाही, असे पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले. विभागांचा हा वाद आपल्या परंपरेला नवा नाही, हे त्यावरून दिसते. भरतमुनींनी नाट्याला काव्यशास्त्राच्या पोटात टाकले नाही. सर्व विद्यांना नाट्याच्या घरी बोलावले. रसविचार पडद्यावरच्या अभिनयाला कितपत लागू पडतो, हे तपासायला रामटेकचा संस्कृतज्ञ आणि नागपूरचा चित्रपटाभ्यासक यांनी एका टेबलाशी बसावे लागेल. ‘आपल्याकडे हे सर्व आधीच होते’ असे म्हणून उठून जाण्याइतका तो प्रश्न सोपा नाही.

आणि नागपूर स्वतः पडद्यावर आहेच. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) याच शहरात चित्रित झाला. हिस्लॉप महाविद्यालयातले निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे आणि झोपडपट्टीतली फुटबॉल खेळणारी मुले हा त्याचा विषय. मंजुळे स्वतः मराठी घेऊन एम. ए. झाले, मग अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम करताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. त्यांच्या आधी सुमित्रा भावे समाजकार्याच्या शिक्षणातून आणि संशोधनातून आल्या. झोपडपट्टीतल्या स्त्रियांचा अभ्यास अहवालात मावेना, म्हणून १९८५ साली त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला, आणि सुनील सुकथनकर यांच्यासह केलेल्या ‘कासव’ला २०१६चे सुवर्णकमळ मिळाले. नागपूरचे राजकुमार हिरानी वाणिज्य शिकून पुण्याला संकलन शिकायला गेले. ही माणसे आपापल्या विभागांच्या भिंती ओलांडून बाहेर पडली. आत कोणी त्यांच्यासाठी दार ठेवले नव्हते.

पालकांचा शेवटचा प्रश्न नोकरीचा असतो, आणि तो विचारण्यात कमीपणा नाही. याचे प्रामाणिक उत्तर असे, की इतिहास किंवा तत्त्वज्ञान घेणाऱ्याला जी हमी मिळते तेवढीच येथे मिळेल, अधिक नाही. संग्रहालये, जुन्या चित्रपटांचे पुनरुज्जीवन, उपशीर्षकांचे लेखन, महोत्सवांची निवड, प्रमाणन, अध्यापन ही कामे आहेत, पण त्यांच्या जागा मर्यादित आहेत. म्हणून वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाने सुरुवात करावी, शंभरांच्या नव्हे. एक काळोखी खोली, चांगला पडदा, चांगला ध्वनी, मराठी चित्रपटविषयक पुस्तकांची आणि जुन्या मासिकांची कपाटे. मराठीतून शिकवणे आणि मराठीतून प्रबंध लिहू देणे ही अट असावी. नाहीतर फाळके-दामल्यांविषयी मराठी मुलगा परक्या भाषेत शिकत राहील आणि आजीला काय शिकलो ते सांगता येणार नाही.

पहिल्या सत्रातले पहिले काम वर्गाबाहेरचे असावे. विदर्भातली एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद झाली. नागपुरात पंचशील चौक म्हटला की पंचशील टॉकीज आठवणारी पिढी आता साठीच्या पुढे आहे. यंत्रघरात कार्बनच्या कांड्या जोडून प्रकाश सांभाळणारे, रीळ तुटले की अंधारात हाताने जोडणारे ऑपरेटर वर्धा, यवतमाळ, अकोला, अमरावती येथे अजून भेटतात. कोणत्या चित्रपटाला बैलगाड्या लागल्या, कोणत्या प्रसंगाला लोकांनी पडद्यावर नाणी फेकली, ‘संत तुकाराम’ पुन्हा लागला तेव्हा कोण चपला बाहेर काढून आत आले, हे त्यांना विचारावे, ध्वनिमुद्रित करावे आणि तारीख घालून ठेवावे. त्या बैठकीतली मुलगी वहीपेन घेऊन या कामाला या उन्हाळ्यातही निघू शकते. प्रवेश-अर्जावर विभागाचे नाव कोणते लिहायचे, तेवढे मात्र विद्यापरिषदेने ठरवायचे आहे.